खोकल्यासकट, फुकट

हॅलोकाकांचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायला कोणी थांबत नसे. सभा कोणाचीही असो, पहिला शब्द त्यांचाच असायचा. व्यासपीठावर कोणी यायच्या आधी ते माइकपाशी जाऊन 'हॅलो, हॅलो' म्हणत, मागच्या रांगेतल्या माणसाकडे बघत, त्यानं मान हलवली की बाजूला होत. मग बाकीचे लोक तासन्‌तास बोलत, पण त्या संध्याकाळभरात सगळ्यांना नीट समजलेला शब्द तेवढाच असे. म्हणून नाव पडलं हॅलो. पुढे केस पिकले तेव्हा त्याला काका चिकटलं.

आयुष्यभर त्यांनी माइक आणि कर्णे भाड्यानं दिले. उद्घाटनं, निरोप समारंभ, बक्षीस समारंभ, शोकसभा, काही म्हणून सोडलं नाही. त्यांच्या ऍम्प्लिफायरला एक टेपरेकॉर्डर जोडलेला होता. कोणे एके काळी एका मेकॅनिकनं दुरुस्ती करताना अशी काही वायर फिरवून ठेवली, की दोन्ही यंत्रं एकाच बटणावर चालू लागली. माइक चालू झाला की टेपही चालू. टेप बंद केली की माइकही मुका. त्यामुळे प्रत्येक सभा 'हॅलो'पासून खुर्च्या उचलेपर्यंत सबंध टेप होत गेली. यात इतिहास जपण्याचा वगैरे हेतू नव्हता. दुरुस्ती नीट करून घ्यायचा कंटाळा होता, एवढंच.

पाठ धरली तेव्हा काकांनी धंदा बंद केला. मुलानं कर्णे भंगारात काढले. टेपा मात्र मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेल्या राहिल्या. काकूंना त्या खोलीत कपडे धुवायचं यंत्र ठेवायचं होतं. सुनेनं आवरायला घेतलं आणि एक टेप सहज लावून पाहिली. सून घरूनच नोकरी करायची. कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी दिवसभर कानावर घ्यायची आणि गोड आवाजात उत्तरं द्यायची. तिला त्या टेपेत कोणी तक्रार न करता बोलतोय हेच मोठं अप्रूप वाटलं. दुसरी लावली, तिसरी लावली. कुठल्या तरी कारखान्याच्या उद्घाटनात फीत कापायची कात्री सापडत नव्हती, तेवढ्या वेळात दोन संचालक एकमेकांशी कुजबुजत होते की हा कारखाना चालणार नाही. कारखाना खरोखरच चालला नव्हता. आवरणं राहिलं बाजूला. कपड्यांचं यंत्र न्हाणीघराच्या दाराशी गेलं आणि सुनेनं वर्षभर खपून त्या सगळ्या टेपा इंटरनेटवर चढवल्या. कोणीही यावं, हवं ते ऐकावं, एक पैसा द्यायला नको.

मुलानं विचारलं होतं की निदान थोडी फी लावायला काय हरकत आहे. काका म्हणाले, "अरे, जे कर्ण्यावरून सगळ्या गल्लीला ऐकवलं, त्याला आता तिकीट कसलं?" तो विषय तिथेच मिटला.

संग्रह सुरू झाला आणि कोणी ऐकेना. ते ठीक होतं, कारण न ऐकलेल्या वस्तूला खर्च कमी येतो. अडचण झाली ती एका शोकसभेमुळे.

ती शोकसभा होती सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांची. ग्रंथपाल म्हणजे अगदी हळू आवाजाचा, सावलीनं चालणारा माणूस. त्यांच्या शोकसभेला अध्यक्ष म्हणून अर्थातच अध्यक्ष होते. शहरात अध्यक्ष असे एकच. ते नेमके कशाचे अध्यक्ष होते हे कोणाला सांगता आलं नसतं, पण मधली खुर्ची मांडली की तिच्यावर तेच बसत. त्या दिवशी ते आधीच्या दोन सभा आटोपून धावतपळत आले. कोणी तरी कानात सांगितलेलं नाव त्यांनी अर्धवट ऐकलं, आणि ग्रंथपालांऐवजी त्यांनी दाताच्या डॉक्टरांना श्रद्धांजली वाहिली. अगदी भरभरून. किती हलक्या हाताचा माणूस, म्हणाले. दुखणं काढून घ्यायचा पण कळूही द्यायचा नाही, म्हणाले. दाताचे डॉक्टर दुसऱ्या रांगेत बसले होते. मोठ्या माणसाला मध्येच अडवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शेवटी अध्यक्षांनी सगळ्यांना उभं राहून मृतात्म्यास शांती लाभो म्हणायला सांगितलं, तेव्हा डॉक्टरही उठले आणि स्वतःसाठी मान खाली घालून उभे राहिले.

टेपेत हे सगळं होतं. भाषण होतं, मागच्या रांगेतली कुजबुज होती, ग्रंथपालांच्या मेव्हण्यानं "अहो, हे बसलेत की इथे" म्हटलेलं होतं, आणि त्यानंतरची ती गंभीर शांतताही होती. कोणी तरी हे ऐकलं, दुसऱ्याला पाठवलं, त्यानं दहा जणांना पाठवलं. बघता बघता देशोदेशीचे लोक दाताच्या डॉक्टरांच्या श्रद्धांजलीला लोटले. इंटरनेटवर जागा भाड्यानं देणाऱ्या कंपनीनं अभिनंदन केलं आणि त्याच पत्रात भाडं वाढवलं. ते सुनेच्या पगाराला झेपणारं नव्हतं.

यावर तोडगा सुनेनंच काढला. संग्रह फुकटच राहील, म्हणाली, पण ज्यांना हवं असेल त्यांना आपण दरमहा एक कॅसेट टपालानं पाठवू. खरीखुरी कॅसेट, छान डबीत, वर क्रमांक, आत वर्गणीदाराचं नाव छापलेलं. त्या वर्गणीवर संग्रह चालेल. काकांकडे कॅसेटी उतरवायचं जुनं यंत्र होतंच.

काकांना हे काही केल्या पटेना. आता कॅसेट वाजवायचं यंत्र असतं कोणाच्या घरी? आणि तेच भाषण फुकटात ऐकायला मिळत असताना पैसे देऊन टपालाची वाट बघायला माणूस काय वेडा आहे?

"बाबा," सून म्हणाली, "ती ऐकायला नाही घ्यायची. ठेवायला घ्यायची."

"ठेवायला? कॅसेट?"

"तुम्ही त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला होतात ना, त्यांच्या दिवाणखान्यात भिंतभर पुस्तकं आहेत. त्यातलं एक तरी उघडलेलं दिसलं का?"

काकांनी आठवून पाहिलं. त्या भिंतीसमोर ते चांगला अर्धा तास बसले होते आणि मनातून फार दबकून गेले होते.

डब्यांचं काम काकूंनी घेतलं. त्यांचा हात शिवणाचा. जाड पुठ्ठ्यावर कापड चढवून त्यांनी अशी देखणी डबी केली, की आत काय आहे हे बघायचं कोणाला सुचू नये. काकांनी आपली बाजू सोडली नाही. प्रत्येक कॅसेट ते पहिल्यापासून शेवटपर्यंत कान लावून ऐकत आणि कुठे जरा खरखर आली तर पुन्हा उतरवत. काकू म्हणायच्या, अहो, कोण ऐकणार आहे? काका म्हणायचे, मी ऐकतोय ना.

वर्गणीदार आले, आणि बऱ्यापैकी आले. त्यांची पत्रंही येऊ लागली. सून ती जेवताना मोठ्यानं वाचून दाखवायची. एकाचं म्हणणं होतं की डब्यांचा निळा रंग त्याच्या सोफ्याला जात नाही. एकीला क्रमांक उभे हवे होते, आडवे नकोत. एका वकिलांना वाटत होतं की कॅसेट हाताला फारच हलकी लागते. एवढ्या मोठ्या माणसांची भाषणं, त्यांना थोडं वजन असावं. कोणाला तरी दोन डब्या एकाच क्रमांकाच्या गेल्या होत्या, त्याबद्दल त्यानं पुढच्या आठवड्यात तीन स्मरणपत्रं पाठवली. आवाजाबद्दल चकार शब्द नाही. काका निमूट जेवत. एकदाच म्हणाले की आपण डबीत साबणाची वडी घातली तरी चालेल. यावर सुनेनं, साबणाला वास येतो, असं अगदी मनापासून उत्तर दिलं. तेव्हा मात्र तिचं तिलाच हसू आलं.

पण पैसे येत होते. भाडं भागत होतं, आणि फुकट ऐकणारे निवांत ऐकत होते.

अशा सुखाच्या दिवसांत एक दिवस अध्यक्ष दारात येऊन उभे राहिले.

त्यांनी आधी घराचं कौतुक केलं, मग काकांच्या कार्याचं. चहा घेतला. आणि मग, आपण ज्या ज्या संस्थांवर आहोत त्या सगळ्यांसाठी वर्गणी भरतो, म्हणाले. त्या संस्थांची यादी सांगता सांगता चहा थंड झाला. एकट्या माणसानं उरलेल्या सगळ्यांएवढी वर्गणी भरली. मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा वडिलांच्या टेपांबद्दल आदरानं बोलला. काकूंनी कापडाचा नवा तागा आणवला. सुनेनं वाढत्या कामासाठी मोठी जागा घेऊन टाकली, अर्थात इंटरनेटवरची, त्याच भाडेवाल्या कंपनीकडून, आणि तिचंही भाडं ठरलं.

जागा घेऊन झाल्यावर अध्यक्षांचा फोन आला. त्यांनी फार सौम्य शब्दांत सुचवलं की वर्गणीदार पैसे देतात, तेव्हा त्यांनाही काही म्हणणं असू शकतं. एखादं मंडळ असावं. मंडळ तिथल्या तिथे स्थापन झालं आणि अध्यक्ष कोण हा प्रश्न आला नाही.

पहिली बैठक काकांच्याच बाहेरच्या खोलीत भरली. माणसं मोजकी, एका सोफ्यावर आणि चार खुर्च्यांवर मावतील एवढी. तरी अध्यक्षांनी येताच विचारलं, माइक कुठे आहे? काका म्हणाले, इथून इथे बोलायचंय, माइक कशाला? अध्यक्षांनी तोंड उघडून पाहिलं, दोन वाक्यं बोलले आणि थांबले. माइकशिवाय त्यांना पुढचं सुचेना. अखेर काकांनी माळ्यावरून जुना स्टँड, माइक, तो ऍम्प्लिफायर आणि भंगारातून सुटलेला एक कर्णा खाली काढला, खोलीच्या मध्यभागी उभा केला आणि सवयीनं 'हॅलो' म्हणून सोफ्याकडे पाहिलं. सोफ्यावरच्यांनी सवयीनं माना हलवल्या. शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारलं की कोण वारलं.

मग ठराव झाले. संग्रहातल्या भाषणांमधला खोकला काढावा. खुर्च्यांचे आवाज काढावेत. जिथे टाळ्या कमी पडल्या असतील तिथे योग्य तेवढ्या घालाव्यात. एका कवींनी मांडलं की त्यांच्या कविता चालू असताना श्रोते उठून गेल्याचा जो आवाज येतो, तो कवितेच्या अर्थाला बाधा आणतो. वकिलांनी वजनाचा मुद्दा पुन्हा काढला. आणि शेवटी अध्यक्षांनी, स्वतःचा काही संबंध नसल्यासारखं छताकडे बघत, ठेवला तो ठराव असा, की ती एक शोकसभा संग्रहातून काढून टाकावी. मृताच्या सन्मानार्थ.

काकू दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुठल्या मृताच्या?"

ठराव एकमतानं मंजूर झाला. जाता जाता अध्यक्ष काकांना बाजूला घेऊन म्हणाले की पुढच्या वर्षाची वर्गणी भरायची वेळ जवळ आलीच आहे.

त्या आठवड्यात घरात दुसरा विषय नव्हता. मुलाचं मत स्पष्ट होतं. हजार टेपांमधली एक गेली तर कोणाचं काय बिघडतं? अध्यक्ष गेले तर हजारच्या हजार जातील. सुनेला ते पटत नव्हतं आणि खोडूनही काढता येत नव्हतं, कारण मोठी जागा तिनंच घेतली होती. मग तिनं मधला मार्ग काढला. ती टेप फुकटच्या संग्रहातून काढायची आणि खास कॅसेट म्हणून फक्त वर्गणीदारांना विकायची. मर्यादित प्रती, तांबडी डबी. बोलताना तिचे डोळे चमकत होते. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, तू या लोकांसारखी कधीपासून बोलायला लागलीस?" सून आत निघून गेली. तांबड्या डबीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

काकांना वाटलं, ज्याची श्रद्धांजली त्यालाच विचारावं. ते दाताच्या डॉक्टरांकडे गेले. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी एका माणसाचं तोंड उघडं ठेवूनच काकांचं सगळं ऐकून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, "काका, आधी मला फार लाज वाटली होती. बायको तर आठवडाभर घराबाहेर पडली नाही. मग एकदा मी ते नीट ऐकलं. मी इतकी वर्षं या गावाचे दात काढतोय, मला कोणी कधी 'हात हलका आहे' म्हणून सांगितलं नव्हतं. सांगणार कसं, तोंडात माझा हात असतो."

खुर्चीतल्या माणसानं काही तरी कबूल केल्यासारखा आवाज काढला.

"मी मुलांना सांगून ठेवलंय," डॉक्टर पुढे म्हणाले, "उद्या माझं खरंच काही झालं, तर सभा भरवायची नाही. हेच लावायचं. याच्यापेक्षा चांगलं कोणी बोलणार नाही आणि मला दोनदा उभं राहायला जमायचं नाही. तुम्ही ते काढू नका. पण अध्यक्षांना दुखवूही नका. चुकून का होईना, भला माणूस माझ्याबद्दल चांगलं बोललाय."

हे सांगायला सोपं होतं. काढायचं नाही आणि दुखवायचंही नाही, म्हणजे पाण्यात शिरायचं आणि अंग भिजू द्यायचं नाही. काका चालत घरी आले. वाटेत त्यांना एवढंच सुचलं की आपण उभ्या आयुष्यात कोणाच्या तोंडचा शब्द काढून घेतलेला नाही, फक्त पुढ्यात माइक ठेवलेला आहे. तेच पुन्हा करून बघू.

त्यांनी अध्यक्षांना फोन केला आणि सांगितलं की झालं ते झालं, पण ग्रंथपालांची श्रद्धांजली तुमच्या हातून राहूनच गेली आहे. ती आता वाहायला या. मी माइक लावतो. आधीच्या भाषणाच्या शेजारी हे भाषण राहील, आणि लोकांना कळेल की तुम्ही दोघांनाही न्याय दिलात.

माइक म्हटल्यावर अध्यक्ष आले. कडक इस्त्रीचे कपडे घालून आले. मंडळी नव्हती, फक्त घरची माणसं होती. काकांनी 'हॅलो' म्हटलं, बाजूला झाले. अध्यक्षांनी घसा साफ केला, डोळे मिटले आणि आवाज लावला. ग्रंथपाल म्हणजे ज्ञानाचे उपासक होते, म्हणाले. ग्रंथ हेच त्यांचं जग होतं, म्हणाले. ग्रंथांमध्ये ते राहिले आणि... एवढं बोलून ते थांबले. डोळे उघडून त्यांनी काकांकडे पाहिलं. मग माइकवर हात ठेवून हळूच विचारलं, "हॅलो, हे गृहस्थ दिसायला कसे होते हो?"

अध्यक्ष वाचनालयात एकदाच गेले होते, उद्घाटनाला. तेव्हा ते व्यासपीठावर होते आणि ग्रंथपाल बहुधा खुर्च्या लावत होते.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून काकू बोलल्या. त्या दर आठवड्याला वाचनालयातून रहस्यकथा आणत असत. त्या म्हणाल्या, फार हळू बोलायचे ते. वाचनालयात हळू बोलायची सवय एवढी लागली होती, की बाजारातही कुजबुजायचे. भाजीवाला भलतंच काही हातात द्यायचा आणि ते तसंच घेऊन घरी जायचे.

अध्यक्षांनी हात उचलला आणि माइकमध्ये गंभीरपणे म्हणाले, "त्यांनी कधी आवाज चढवला नाही. जीवनानं जे पदरात टाकलं, ते त्यांनी निमूटपणे स्वीकारलं."

काकूंना हे ऐकून जरा गंमत वाटली असावी. त्या दोन पावलं पुढे आल्या आणि सांगू लागल्या, की वाचनालयात कोणी तरी एक खोडसाळ माणूस होता. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर तो पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. ग्रंथपाल रोज दुपारी नवीन परत आलेली पुस्तकं घेऊन बसायचे आणि खोडरबरानं ती नावं पुसायचे. पुढच्या माणसाची मजा जायला नको म्हणून.

अध्यक्षांचा चेहरा उजळला. "गुन्हेगारांची नावं पुसून टाकण्यात," ते कडाडले, "ज्यांनी आपलं आयुष्य वेचलं..."

"अहो, तसं नव्हे हो," काकू म्हणाल्या.

असं बराच वेळ चाललं. काकू सांगायच्या, अध्यक्ष त्याला कोट-टोपी चढवायचे, काकू ती उतरवायच्या. काकू म्हणाल्या की आमची धाकटी जाऊ आजारी होती तेव्हा ते स्वतः पुस्तकं घेऊन घरी यायचे आणि दारातूनच परत जायचे, आत या म्हटलं तरी येत नसत. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. अध्यक्षांनी तोंड उघडलं, पण या वेळी त्यांना काही चढवता आलं नाही. त्यांनी तेच वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हटलं. आजारी माणसाला पुस्तकं नेऊन द्यायचे आणि दारातूनच परत जायचे. मग ते खुर्चीत बसले, काकूंनी पाणी दिलं ते प्यायले आणि म्हणाले की असा माणूस आपल्या गावात होता हे आपल्याला कोणी सांगितलं नाही.

हा बदल त्यांच्यात टिकला तो जिना उतरेपर्यंत. खाली पोचल्यावर त्यांनी वर फोन केला. भाषण उत्तम झालंय, म्हणाले, फक्त त्यातला त्या बाईंचा आवाज काढा, आणि शेवटी टाळ्या घाला. त्याच्या जेवढ्या कॅसेटी निघतील तेवढ्या मी घेतो.

काका वैतागून फोन ठेवणार होते. सुनेनं त्यांच्या हातातून तो घेतला आणि आपल्या नोकरीतल्या गोड आवाजात म्हणाली, "काही काळजी करू नका. कॅसेटमध्ये अगदी तुम्ही म्हणता तसंच असेल."

फोन ठेवल्यावर ती काकांना म्हणाली, "बाबा, कॅसेट त्यांची. संग्रह आपला. त्यांनी कॅसेटबद्दल सांगितलं, संग्रहाबद्दल मी काही बोलले का?"

काकांना समजायला थोडा वेळ लागला. मग सगळं सरळ झालं. ज्यानं पैसे दिले त्याला स्वच्छ भाषण आणि टाळ्या. ज्यानं दिले नाहीत त्याला सगळं, खोकल्यासकट. मंडळाचे सगळे ठराव कॅसेटीपुरते अक्षरशः पाळले गेले. कवींच्या कविता चालू असताना कोणी उठेनासं झालं. वकिलांच्या डबीत काकूंनी तळाला एक लोखंडी पट्टी शिवली. त्यांचं कौतुकाचं पत्र आलं. इकडे इंटरनेटवर शोकसभा जागची हलली नाही, आणि तिच्या शेजारी काकूंच्या आवाजासकट दुसरी आली. मंडळातल्या कोणीही त्यानंतर संग्रह कधी उघडून पाहिला नाही. जे आपण पैसे भरून घेतो ते फुकटात बघणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं.

काकांच्या मनाला मात्र एक गोष्ट लागून राहिली होती. टाळ्या घालायच्या तर त्या आणायच्या कुठून? त्यांनी सगळ्या टेपा धुंडाळल्या. बहुतेक टाळ्या फुसक्या निघाल्या, कर्तव्य म्हणून वाजवलेल्या. खऱ्या, भरघोस, थांबता न थांबणाऱ्या अशा टाळ्या एकाच टेपेत होत्या. मुलींच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाईंच्या निरोप समारंभातल्या. त्या काकांनी कापून अध्यक्षांच्या भाषणाला जोडल्या. काम बेमालूम झालं, आणि झाल्यावर त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं.

कॅसेटी गेल्या. काही दिवसांनी फोन आला, तो मुख्याध्यापिकाबाईंचा. त्याही वर्गणीदार होत्या, आणि एकट्या त्यांच्याकडे वाजवायचं यंत्र होतं. बाई म्हणाल्या की अध्यक्षांच्या भाषणानंतर ज्या टाळ्या आहेत, त्या आपल्या ओळखीच्या वाटतात.

काका दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. बाई एकट्या राहायच्या. टेबलावर कॅसेट प्लेअर होता, शेजारी काकूंच्या डब्या ओळीनं लावलेल्या. काकांनी सगळं सांगून टाकलं, भाड्यापासून मंडळापर्यंत. म्हणाले की तुम्ही म्हणाल तर सगळ्या कॅसेटी परत मागवतो.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "त्या टाळ्या इतक्या जोरात का होत्या, सांगू?" त्या म्हणाल्या. "मी जात होते म्हणून. शाळा मोकळी झाली होती. राहू देत अध्यक्षांकडे, मला त्यांचं काय करायचंय?"

काकांनी ओळीतली एक डबी उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

"पण त्या टेपेत, टाळ्या संपल्यावर," बाई म्हणाल्या, "एक मुलगी रडतेय. खुर्च्या उचलेपर्यंत रडतेय. ते मी इंटरनेटवर पुष्कळदा ऐकलं. कोण होती, काही केल्या आठवत नाही. तेवढं कोणाला विकू नका."

काकांनी मान हलवली. बाईंनी त्यांना चहा दिला आणि प्लेअरची झाकणी नीट बसत नाही ती दाखवली. काकांनी खिशातून लहान पेचकस काढला आणि खिडकीपाशी उजेडात जाऊन बसले. झाकणीची स्प्रिंग सरकली होती. ती जागेवर येईपर्यंत बाई त्यांना त्या वर्षीच्या मुलींची नावं एकामागून एक सांगत होत्या.